‘सगळं करा’ म्हणजे नेमकं काय करा?

प्रश्न: माझी आई ८३ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यात गावी आमच्याजवळ असते. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून वॉकर धरून घरातल्या घरात चालते, आंघोळीला माझी बायको मदत करते, अलीकडे विसरायलाही लागली आहे. चार दिवसांपूर्वी न्यूमोनियामुळे आयसीयूत ठेवावं लागलं. सध्या बायपॅपवर (तोंडा-नाकावरच्या मास्कमधून दाबानं हवा देणारं मशिन) आहे, शुद्धीत आहे. डॉक्टर म्हणाले, “उद्यापर्यंत ठरवा. गरज पडली तर व्हेंटिलेटर लावायचा का? सगळं करायचं का?” न्यू जर्सीचा धाकटा भाऊ म्हणतो सगळं करा, पैशाची काळजी करू नका. बहीण म्हणते तिचे हाल करू नका. मी ‘नको’ म्हटलं तर आईला मीच मारलं असं होईल का?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच तुम्हाला झोपू देत नसणार. नाही, तसं होणार नाही. व्हेंटिलेटर न लावता आई गेल्या, तर त्या न्यूमोनियानं आणि थकलेल्या शरीरामुळे गेलेल्या असतील, तुमच्या सहीमुळे नाही. ही सही एकट्या तुमच्याकडून मागितली गेली ही मात्र चूक आहे, आणि ती आम्हा डॉक्टरांची आहे. मी २२ वर्षं आयसीयूत काम करतोय. पहिली कित्येक वर्षं मीही असंच विचारायचो, दारात उभं राहून, एक डोळा मॉनिटरवर ठेवून: “सगळं करायचं ना?”

हा प्रश्न दिसतो साधा, पण त्याला उत्तरच नाही. ज्याची आई आत आहे तो काय म्हणणार? “नको, थोडंसंच करा”? आई हवी की नको, असं विचारल्यासारखंच आहे ते. मग मुलगा “करा” म्हणतो, आम्ही फाइलवर ‘नातेवाइकांना सर्व उपचार हवे आहेत’ असं लिहितो आणि सुटलो म्हणून पुढच्या खाटेकडे वळतो. यात आई काय म्हणाल्या असत्या, हे कुणी विचारलेलंच नसतं.

तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, एक्स-रे नि रक्ताचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत. त्यामुळे ‘लावा’ किंवा ‘लावू नका’ असं मी सांगणार नाही. पण हा निर्णय कसा घ्यायचा असतो आणि उद्या डॉक्टरांना काय विचारायचं, ते सांगतो.

पहिली गोष्ट वयाची. ८३ हा आकडा बाजूला ठेवा. मागे वाईकडचे एक ८६ वर्षांचे आजोबा आमच्याकडे आले होते. असाच न्यूमोनिया, शिवाय बीपी पडलेलं. आजारी पडायच्या आठ दिवस आधीपर्यंत ते सकाळी शेतावर चालत जायचे आणि पाणी धरायचे. आम्ही घशातून श्वासनलिकेत नळी टाकली, व्हेंटिलेटर लावला, सहाव्या दिवशी काढला. दीड महिन्यानं स्वतःच्या पायांनी दाखवायला आले आणि पथ्याबद्दल माझ्याशी भांडले. त्याच आठवड्यात ६८ वर्षांच्या एक बाई होत्या. मधुमेह, दोनदा अर्धांगाचे झटके, वर्षभर खाटेवर. आजार तोच, औषधं तीच, पण त्या व्हेंटिलेटरवरून सुटल्या नाहीत. फरक होता तो शरीराच्या गंगाजळीचा. प्रत्येक अवयवाकडे रोजच्या खर्चापेक्षा थोडी जास्तीची ताकद शिल्लक असते, मोठ्या आजारात तीच कामी येते. वय, जुने आजार, न खाणं, न चालणं यांनी ही शिल्लक संपत जाते. चेहऱ्यावर ते दिसत नाही, वागण्यात दिसतं.

ही शिल्लक मोजायला जगभरातले आयसीयू एक साधी पट्टी वापरतात. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या केनेथ रॉकवुड यांच्या गटानं ती २००५ साली मांडली. आता तिच्यात १ ते ९ अशा पायऱ्या आहेत. १ म्हणजे ठणठणीत. ५ म्हणजे बँक, औषधांच्या वेळा, जड घरकाम अशा गोष्टींना मदत लागते. ६ म्हणजे घराबाहेर पडायला मदत, जिना चढायला अडचण, आंघोळीला कुणीतरी हवं. ७ म्हणजे स्वतःचं सगळंच दुसऱ्याच्या हातात. त्यापुढे आयुष्याच्या शेवटाकडे आलेले. तुम्ही लिहिलंत त्यावरून तुमच्या आई सहाच्या आसपास बसतात. ५ आणि त्यापुढच्या माणसाला आम्ही ‘थकलेलं शरीर’ समजतो.

ही पट्टी वापरताना आमच्याकडचे नवे डॉक्टर एक चूक हमखास करतात. माणूस आयसीयूच्या खाटेवर कसा दिसतो ते बघून आकडा देतात. तिथे कुणीही आठ-नऊच दिसेल, मीसुद्धा. पाहायचं असतं ते आजार सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीचं माणूस. त्यामुळे मी ‘स्कोअर’ विचारतच नाही. मी विचारतो, दिवाळीत त्या काय करत होत्या? चकल्या पाडल्या की खुर्चीत बसून सांगत होत्या? ओट्यापाशी किती वेळ उभ्या राहायच्या? ब्लाउज आटवून घ्यावा लागला का? बांगड्या मनगटातून आपोआप उतरतात का? देवपूजा स्वतः करतात की आता लांबूनच हात जोडतात? दहा मिनिटांच्या अशा गप्पांत जे कळतं ते सीटी स्कॅनमध्ये कळत नाही. आणखी एक पथ्य असतं. ही पट्टी म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. जन्मापासून अपंग असलेल्या तरुणाला ती लावून ‘याला व्हेंटिलेटर कशाला’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

या आकड्याला इतकं महत्त्व का? युरोपातल्या आयसीयूंत तातडीनं दाखल झालेल्या, ८० वर्षं वा त्यापुढच्या जवळपास चार हजार रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. महिन्याभरात दहातले साधारण चार जण गेले होते. त्यात वय नि आजाराची तीव्रता बाजूला काढली तरीही, आधीचं थकलेपण जितकं जास्त तितका मृत्यूचा धोका जास्त होता. हे आकडे त्यांच्याकडचे आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण कल तोच दिसतो, रोज दिसतो. शिवाय जगणं म्हणजे फक्त हृदय चालू असणं नव्हे. पायरी सहावरचं माणूस मोठ्या आजारातून वाचलं तर बहुधा सहावर परत येत नाही, सातवर येतं. म्हणजे ज्यांना आज आंघोळीला मदत लागते त्यांना उद्या कूस बदलायलाही माणूस लागू शकतं. काहींना हे चालतं. नातवंडं डोळ्यांसमोर आहेत, बस, एवढ्यावर आनंदानं जगणारी माणसं मी पाहिली आहेत. काहींना ते मरणापेक्षा वाईट वाटतं. इथे डॉक्टरांचं मत चालत नाही, त्या माणसाचंच चालतं.

आता व्हेंटिलेटर. लोकांना दोन टोकं माहीत असतात. ‘लावला की वाचतं’ किंवा ‘लावला की संपलंच’. दोन्ही खोटं. व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही, ते काम अँटिबायोटिकचं आणि शरीराचं. व्हेंटिलेटर तेवढ्या काळापुरता श्वास उसना देतो. पण उसनवारी फेडावी लागते, आणि ती फेडली जाते स्नायूंनी. घशात नळी सहन व्हावी म्हणून गुंगीची औषधं चालतात, माणूस हलत नाही, नळी ओढू नये म्हणून कधी हात बांधतात. लंडनमध्ये अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा स्नायू मोजत गेलेला एक अभ्यास २०१३ साली आला. पहिल्या दहा दिवसांत तो स्नायू सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास झिजला होता. त्यातले बरेच जण तुमच्या आईंपेक्षा कितीतरी तरुण होते. ज्यांच्या मांडीत मुळातच वॉकरपुरतं बळ आहे त्यांच्या दहा दिवसांचा हिशेब तुम्हीच करा. छातीचेही स्नायूच असतात. म्हणून फुप्फुस साफ झालं तरी मशिन सुटत नाही, मग गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची वेळ येते, त्यात भ्रम, पाठीला जखमा, नवे जंतू. असं प्रत्येकाचं होतं असं नाही. थकलेल्या शरीराचं असं होण्याची शक्यता मात्र बरीच असते, आणि हे सही घ्यायच्या आधी सांगायला हवं, गळ्याला छिद्र पाडायच्या दिवशी नाही.

छाती दाबणं, शॉक देणं ही अजून वेगळी गोष्ट. टीव्हीवर माणूस उठून बसतो. खरं चित्र असं की रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या सगळ्या वयांच्या लोकांत, चांगल्या व्यवस्थेतही, पाचातला एखादाच घरी जातो. तोही बहुधा असा, ज्याचं हृदय अचानक आणि एकाच कारणानं थांबलं. न्यूमोनियानं हळूहळू सगळे अवयव थकत जाऊन हृदय थांबतं तेव्हा ते बिघडलेलं नसतं, संपलेलं असतं. अशा वेळी वयस्कर, ठिसूळ फासळ्या मोडण्यापलीकडे हातात फारसं काही येत नाही. यावर मी नातेवाइकांना पर्याय म्हणून विचारतसुद्धा नाही. “हृदय थांबलं तर आम्ही छाती दाबणार नाही, कारण त्यानं त्या परत येणार नाहीत. आम्ही शांतपणे त्यांच्यापाशी थांबू,” असं माझं मत म्हणून सांगतो, आणि कुणाचा विरोध आहे का ते ऐकतो. ज्याचा उपयोग नाही ते मेनूकार्डावर ठेवून निवड मात्र मुलानं करायची, हा क्रूरपणा आहे.

‘सगळं’ आणि ‘काहीच नाही’ यांच्यामध्ये केवढी जागा आहे, हे आता दिसेल. ऑक्सिजन, अँटिबायोटिक, सलाइन, बायपॅप, बीपी सांभाळायची औषधं, नळी आणि व्हेंटिलेटर, डायलिसिस, गळ्याचं छिद्र, छाती दाबणं. ही एक शिडी आहे आणि कोणत्या पायरीपर्यंत चढायचं ते ठरवता येतं. “बायपॅपपर्यंत सगळं, नळी नाही” हा पूर्ण, प्रामाणिक, प्रचलित उपचार आहे. त्याला ‘सोडून देणं’ म्हणत नाहीत. हे ठरलं की उरलेली कामं उलट जास्त नीट व्हायला हवीत: फिजिओथेरपी, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, दुखणं-धाप यांवर औषध. मर्यादा लिहिलेल्या रुग्णाच्या खाटेकडे राउंडमध्ये दोन मिनिटं कमी थांबायचं, ही आमच्या लोकांची खोड आहे. तसं दिसलं तर बिनदिक्कत बोला.

आणि एक मधली वाट असते, ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. ठरावीक मुदतीचा प्रयत्न. म्हणजे असं: “नळी टाकू, पण चार दिवसांसाठी. चार दिवसांत ऑक्सिजनची गरज निम्म्यावर आली, बीपीची औषधं सुटली, आई डोळे उघडून ओळखू लागल्या, तर पुढे जाऊ. उलट झालं, किडनी गेली, नवे अवयव बिघडले, तर गळ्याचं छिद्र, डायलिसिस यांच्या मागे न लागता फक्त त्यांच्या आरामाकडे वळू.” मुदत आणि खुणा दोन्ही आधी ठरवून फाइलवर लिहायच्या. चौथ्या दिवशी पुन्हा त्याच खोलीत, त्याच माणसांनी बसायचं. आजार सुधारण्यासारखा आहे पण शरीर कितपत साथ देईल याचा अंदाज नाही, तिथे हा मार्ग चांगला. आई या कशाच्याही विरोधात असतील तर मात्र तोही नको.

म्हणजे येऊन-जाऊन प्रश्न हाच उरतो की आईंना काय हवं. आणि तुमचं भाग्य असं की त्या शुद्धीत आहेत. त्यांना विचारलं का?

बहुतेक घरांत उत्तर येतं, “नको डॉक्टर, खचेल ती.” माझा अनुभव उलटा आहे. ८३ वर्षांची बाई नवरा, भावंडं, जावा, शेजारणी सगळ्यांना पोहोचवून आलेली असते. आपल्याला काय झालंय ते तिला साधारण कळलेलं असतं. तिला एकटं पाडतं ते आपल्या सगळ्यांचं “काही नाही, बरी होशील” हे नाटक. थोडं विसरतात म्हणून त्यांना विचारायचं नाही, असंही नाही. साध्या शब्दांत, एकेक गोष्ट विचारा. “तुम्हाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतोय?” “कशाची भीती वाटते?” “घशात नळी घालून मशिनवर ठेवायची वेळ आली, आणि त्यातून उठाल याची खात्री नाही, तर चालेल?” सकाळी एक नि संध्याकाळी दुसरं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. दोन्ही वेळा तेच आलं तर ते त्यांचं मत आहे. विचारताना डॉक्टर तिथे असू द्यात आणि उत्तर त्यांना फाइलवर लिहू द्या. समजून-उमजून दिलेला सज्ञान माणसाचा नकार कायद्यानं मान्य आहे, मुलांच्या मतापेक्षा तो वरचा आहे.

त्या सांगू शकल्या नाहीत तर? मग जे त्यांना ओळखतात त्यांना विचारायचं, पण नीट. “तुम्हाला काय वाटतं?” असं नाही. “त्या आत्ता पाच मिनिटं उठून बसल्या आणि हे सगळं त्यांनी पाहिलं, तर काय म्हणतील?” असं.

आणि इथे माझी एक जुनी चूक सांगतो. एक निवृत्त शिक्षक होते, ७९ वर्षांचे, अर्धांगानंतर दोन वर्षं खाटेवर. मुलगा, पुतण्या, जावई अशी पुरुष मंडळी कॉरिडॉरमध्ये उभी होती. मी माझा तो प्रश्न टाकला, त्यांनी “करा” म्हटलं. ४१ दिवस आम्ही सगळं केलं. गळ्याला छिद्र, डायलिसिस, सगळं. शेवटच्या दिवशी सून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. दोन वर्षं त्यांना जेवू-खाऊ घालणारी, पुसून काढणारी तीच. म्हणाली, “दादा रोज म्हणायचे, आता मला दवाखान्यात नेऊ नका, इथंच राहू द्या. पण मला कुणी विचारलं नाही.” ती त्या ४१ दिवसांत रोज डबा घेऊन यायची. मी तिला रोज बघत होतो.

म्हणून उद्याच्या बैठकीला तुमच्या पत्नीला घेऊन जा. आंघोळ घालताना म्हातारी माणसं जे बोलतात ते मुलांशी बोलत नाहीत.

न्यू जर्सीच्या भावाबद्दल. त्याच्यावर चिडू नका. लांब असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर आई अजून दोन वर्षांपूर्वीची असते, विमानतळावर निरोप द्यायला आलेली. आंघोळीला मदत लागते हे त्यानं ऐकलंय, पाहिलेलं नाही. शिवाय जवळ नसल्याचा सल असतो, तो ‘सगळं करा’च्या रूपानं बाहेर येतो. त्याला तुम्ही समजावू नका, फोनवर तुम्ही सांगाल ते त्याला तुमची बाजू वाटेल. डॉक्टरांच्या त्याच बैठकीत त्याला व्हिडिओवर घ्या, म्हणजे एकच माहिती सगळ्यांना एकदम मिळेल. बैठकीआधी आईंचे गेल्या सहा महिन्यांतले दोन-तीन व्हिडिओ त्याला पाठवा, उठताना, चालताना, जेवतानाचे. आणि हो, त्यानं पैशाचा विषय काढलाच आहे, तर तोही उघड बोला. आयसीयूचा रोजचा खर्च विचारणं म्हणजे आईची किंमत करणं नव्हे. एक एकर जमीन विकून आयसीयूत काढलेल्या पंधरा दिवसांनंतर घरात जी शांतता पसरते ती मी पाहिली आहे.

आता कायदा, कारण “एकदा लावला की काढता येत नाही” हे वाक्य तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं असणारच. या एका भीतीपायी काही घरं उपयोगी पडू शकणारा प्रयत्नही नाकारतात, आणि काही घरं त्यात अडकून पडतात. तो समज चुकीचा आहे.

केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं प्रकरण मराठी वाचकाला सांगायला नको. नोव्हेंबर १९७३ मधल्या हल्ल्यानंतर चार दशकांहून जास्त काळ त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मरू द्यावं अशी याचिका फेटाळली, पण जीव टिकवणारे उपचार थांबवणं काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, चालू शकतं हे तत्त्व मान्य केलं. त्या १८ मे २०१५ ला गेल्या, न्यूमोनियानंच. इतक्या वर्षांत केईएमच्या सिस्टरांनी त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. उपचारांच्या मर्यादेवर बोलताना मला नेहमी तेही आठवतं. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं आणि इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला (पुढे स्वतः सांगता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद), मान्यता दिली. पण प्रक्रिया इतकी किचकट होती की कुणी वापरेना. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी केली गेली.

आज ती अशी आहे. बरं होण्याची आशा नाही असं दिसलं, तर उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले आणखी दोन तज्ज्ञ, असं रुग्णालयाचं पहिलं मंडळ बसतं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती लागते, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, त्यांच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. छाती न दाबण्याच्या निर्णयासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. इंजेक्शन देऊन जीव घेणं हा मात्र गुन्हाच आहे, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. तुमच्या रुग्णालयाला उद्या विचारा: “तुमच्याकडे असं मंडळ आहे का? आधी कधी बसलंय का?” तालुक्याच्या गावी बहुधा नसतं. नसेल तर व्हेंटिलेटर लावायच्या आधी हे माहीत असणं फार महत्त्वाचं.

कारण मंडळ नसलं की जे होतं त्याला आमच्या भाषेत ‘डामा’ म्हणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलं, असा शेरा. मनातून सगळ्यांना कळलेलं असतं की आता काही उरलेलं नाही. डॉक्टरला पोलिसांची भीती, कुटुंबाला बिलाची. मग नातेवाइकांकडून ‘आमच्या जबाबदारीवर’ लिहून घ्यायचं, रुग्णवाहिकेत हातानं श्वास देणारा फुगा दाबत दाबत घरी न्यायचं, अंगणात नळी काढायची. धाप लागलेली, औषध नाही, डॉक्टर नाही, शेजारीपाजारी जमलेले. अशा कागदांवर मी सुरुवातीच्या काळात सह्या घेतल्या आहेत. घरी मरण यावं, तुळशीपत्र तोंडात पडावं, ही इच्छा चांगलीच आहे आणि ती नीट पुरी करता येते. पण त्यासाठी डिस्चार्ज कार्डावर योजना हवी: धाप लागली तर कोणतं औषध, घरात ऑक्सिजनचं मशिन लागेल का, रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा. मोजून दिलेल्या मॉर्फिननं धाप कमी होते. त्यानं श्वास बंद पडतो ही समजूत डॉक्टरांतही आहे, म्हणून आधीच विचारून ठेवा. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह सेंटर १९९७ पासून हेच काम करतं, प्रामुख्यानं कॅन्सरच्या रुग्णांसाठी. आता काही जिल्हा रुग्णालयांतही असे विभाग आहेत. चौकशी करा.

ज्यांचे आईवडील आज घरी, हिंडते-फिरते आहेत त्यांच्यासाठी जाता जाता: लिव्हिंग विलसाठी आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीनं कुणी बोलायचं त्यांची नावं त्यात घालता येतात. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. वकिलाच्या कपाटात नको, फ्रिजवर लावा. आणि कागदापेक्षा मोलाचा एक रविवार, आईवडिलांना समोर बसवून विचारण्याचा.

तुमच्याकडे परत येतो. उद्या डॉक्टरांकडे पंधरा मिनिटं मागा, बसून, कॉरिडॉरमध्ये नाही. आई आजारापूर्वी कशा होत्या ते आधी तुम्ही सांगा, आणि मग सरळ विचारा: “यातून त्या जास्तीत जास्त कुठपर्यंत येतील? परत वॉकरपर्यंत येतील का? तुमची स्वतःची आई असती तर तुम्ही काय सुचवलं असतं?” या शेवटच्या प्रश्नावर आम्ही कचरतो. कचरू द्या, पण उत्तर घ्या. शिफारस करणं हे आमचं काम आहे, नुसते पर्याय मोजून दाखवणं नाही. डॉक्टर म्हणाले की नळीनं फारसं हाती लागणार नाही, आणि आईंचंही तेच म्हणणं असेल, तर “बायपॅपपर्यंत सगळं, त्यापुढे आराम” असं त्यांच्या अक्षरात लिहून घ्या आणि तिन्ही भावंडांची नावं त्याखाली येऊ द्यात. ते म्हणाले की चार दिवस द्यावेत, तर मुदत आणि खुणा लिहून घ्या.

आज संध्याकाळी भेटायला जाल तेव्हा सिस्टरांना विचारून बायपॅपचा मास्क पाच-दहा मिनिटं काढता येतो का ते बघा. जमलं तर तेवढ्या वेळापुरता साधा किंवा हाय फ्लो ऑक्सिजन लावतात. भावाला त्याच वेळी व्हिडिओवर घ्या. आणि त्यांचा चष्मा नि कवळी बहुतेक दाखल करताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्याच हातात दिली असेल. ती घेऊन जा, नाहीतर त्या काय म्हणतायत ते कुणालाच कळणार नाही.